फ्रिजमधला मणी

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मधल्या काळात तीन-चार नातेवाइकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: "आईच्या फ्रिजमध्ये तू ते वायरचं काय घालून ठेवलंयस?" पुण्याची मावशी तर वहिनींना म्हणाली, "त्यानं फ्रिजमध्ये सीसीटीव्ही बसवलाय म्हणे." तर मंडळी, सीसीटीव्ही नाही. तो एक थर्मिस्टर आहे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडासा लहान असा काळा मणी, आणि त्याला जोडलेल्या दोन बारीक तारा. पण मावशीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ते पुढे येईलच.

आईची परवानगी घेऊन लिहितोय हे आधीच सांगतो. दादा-वहिनी हे वाचणार आहेत आणि वहिनी आईला मोठ्यानं वाचून दाखवणार आहेत, म्हणून जपूनही लिहितोय :)

आईला अकरा वर्षांपासून शुगर आहे आणि चार वर्षांपासून इन्सुलिन. तीस-सत्तरची गढूळ पांढरी बाटली, तळहातांमध्ये हळूच फिरवून मग सुईत भरायची. सकाळी एकदा, रात्री जेवणाआधी एकदा. ती हे सगळं स्वतः करते, कुणाला हात लावू देत नाही. गेल्या हिवाळ्यात तिची शुगर काही केल्या खाली येईना. जेवण तेच, चालणं तेच, गोळ्या त्याच. डॉक्टरांनी डोस एकदा वाढवला, मग पुन्हा वाढवला. घरात सगळ्यांचा सगळ्यांवर संशय सुरू झाला. दादाला वाटायचं आई चोरून गोड खाते. आईला वाटायचं मेडिकलवाल्यानं जुनी बाटली दिली. मला वाटायचं नांदेडला नेऊन दाखवावं. शेवटी डॉक्टरांनीच एक साधा प्रश्न विचारला, "बाटली कुठं ठेवता?"

"फ्रिजमध्ये."

"फ्रिजमध्ये कुठं?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. फ्रीझरच्या अगदी खालच्या ट्रेमध्ये, मागच्या बाजूला सारून. "तिथं लई गार राहते ना, म्हणून." तिचा हिशेब सरळ होता. उन्हाळ्यात लाईट जाते, तेव्हा शेवटपर्यंत गार राहणारी जागा तीच. गार म्हणजे चांगलं, तर जास्त गार म्हणजे जास्त चांगलं.

इन्सुलिनच्या बाबतीत हा हिशेब एका बाजूनंच खरा आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उष्णतेनं ते हळूहळू कमजोर होतं, पण गोठलं तर एका रात्रीत बिघडू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. कंपनीच्या कागदावर हे लिहिलेलं असतं. तो कागद इतक्या बारीक अक्षरात आणि इतक्या घड्या घालून येतो की तो वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता ट्रेमध्ये नेमकं किती गार होतं, हे कसं कळणार? आमच्या घरी एकच दाराचा, जुना फ्रिज. आतलं बटण उन्हाळ्यात शेवटच्या आकड्यावर फिरवलेलं, ते डिसेंबरातही तिथंच. दिवसा हात घातला तर गार लागतं, एवढंच. पहाटे चार वाजता ट्रेमध्ये काय होतं हे बघायला कोण उठणार? म्हणून मणी.

मण्याचं काम कसं चालतं

ज्यांना यात रस नाही त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. पण माझ्या मते यात गंमत आहे.

बहुतेक धातू तापले की त्यांचा विजेला होणारा विरोध वाढतो. १८३३ साली मायकेल फॅरडे सिल्व्हर सल्फाइडवर प्रयोग करत होते, तेव्हा त्यांना उलटं दिसलं: तापलं की विरोध कमी. त्या गोष्टीचा व्यवहारात उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९३० साली सॅम्युएल रूबेन यांनी व्यवहारात वापरता येईल असा थर्मिस्टर बनवला. आज तो मणी डिजिटल थर्मामीटरच्या टोकात असतो, मोबाइलच्या बॅटरीत असतो, इन्व्हर्टर एसीत असतो. आपण दिवसातून दहा वेळा त्याच्या जिवावर जगतो आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

माझा मणी २५ अंशांना १० हजार ओहम दाखवतो. बर्फाच्या पाण्यात बुडवला की तोच ३२-३३ हजारांवर जातो. म्हणजे अंशाला साधारण चार टक्के बदल, आणि ही त्याची खरी ताकद. त्याच्यासमोर १० हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर जोडायचा आणि दोघांच्या मधलं व्होल्टेज मोजायचं. मोजायला अर्डुइनोचा छोटा बोर्ड. तो शून्य ते पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगतो. २५ अंशांच्या आसपास एक अंश म्हणजे साधारण अकरा पायऱ्या. घरच्या कामाला भरपूर झालं.

पण पायरी म्हणजे अंश नव्हे. मणी सरळ रेषेत बदलत नाही, वाकड्या वाटेनं जातो. ती वाट सांगणारं एक समीकरण १९६८ साली स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी मांडलं. ते दोघं समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजण्याच्या खटपटीत होते. खोल समुद्रासाठी काढलेलं गणित आमच्या गावात, जिथून समुद्र चारशे-साडेचारशे किलोमीटर लांब आहे, एका फ्रिजमध्ये चालतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्या समीकरणाला तीन ठिकाणची खरी तापमानं लागतात. पहिलं सोपं: बर्फ कुटून पाण्यात कालवायचा, नीट ढवळायचं, ते शून्य अंश. दुसरं कोमट पाणी, तापाच्या थर्मामीटरशी ताडून ३७ ला. तिसरं उकळतं पाणी. इथे पुस्तकातला १०० चा आकडा चालत नाही. हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी दीड अंश आधीच उकळतं, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास. वहिनींचा गॅस, वहिनींचं पातेलं, आणि "चहाचं आधण सांडू नका" ही सूचना. तिन्ही ठिकाणं जमली.

अजून दोन बारकावे. मण्यातून वीज गेली की तो स्वतःच थोडा तापतो. म्हणजे तापमान मोजायला बसलेला स्वतःच तापमान वाढवतो. म्हणून त्याला सतत वीज द्यायची नाही, मोजायच्या क्षणापुरती द्यायची, आकडा घ्यायचा आणि लगेच बंद. दुसरं म्हणजे उघडा मणी फार चंचल. दार उघडलं की काही सेकंदांत वर चढतो. बाटलीतलं औषध इतकं चंचल नसतं. म्हणून मी दोन मणी वापरले. एक औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात बुडवलेला, म्हणजे औषधाला जे सोसावं लागतं तेच त्याला सोसावं लागेल. लसींच्या फ्रिजमध्येही अशीच पद्धत असते, मोजणारं टोक द्रवाच्या बाटलीत ठेवतात. दुसरा मणी उघडाच, हवेतला, दोन्हींत किती फरक पडतो ते बघायला म्हणून. चपटी बारीक वायर दाराच्या रबरातून बाहेर, बाहेर डब्यात बोर्ड, घड्याळाचा चिमुकला भाग, मेमरी कार्ड आणि लाईट गेली तर चालू राहावं म्हणून बॅटरी. दर मिनिटाला एक ओळ. दिवसाच्या १४४० ओळी.

आईनं डब्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला लाईट किती लागते?" मग म्हणाली, "उगं काहीतरी."

काय दिसलं

पहिल्या आठवड्याचं कार्ड मी शनिवारी काढलं आणि आलेख काढून बघितला. दिवसभर ट्रेमध्ये दोन-तीन अंश. रात्री दहानंतर दार उघडणं बंद झालं की रेघ खाली खाली जायची, आणि पहाटे बाटलीतला मणी शून्याच्या खाली. सात रात्रींपैकी पाच रात्री. सर्वांत खालचा आकडा उणे पावणेदोन. सकाळी सहाला वहिनी दूध काढायला दार उघडायच्या तेव्हा रेघ वर यायला लागायची. आई सातला बाटली काढायची तेव्हा ती गार असायची, गोठलेली कधीच नाही. म्हणजे गोठणं आणि वितळणं दोन्ही सगळे झोपेत असताना उरकून जायचं.

त्याच फ्रिजमध्ये मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, चार ते सहा अंश. दाराच्या कप्प्यात पाचपासून दहापर्यंत, जसजसं दार उघडेल तसं. एका फ्रिजमध्ये तीन ऋतू.

इथे मला हळदीची आठवण झाली. आमच्याकडे घरची हळद असते, वसमतच्या बाजारात जाते. काढल्यावर ती कढईत शिजवावी लागते. शिजली की नाही हे बघायला कुणी थर्मामीटर लावत नाही. फेस कसा आला, वास कसा सुटला, आणि गड्ड्यात काडी टोचली की ती कशी आत गेली. आईला हे काम लहानपणापासून येतं. कच्ची राहिली तर वाळायला वेळ घेते, जास्त शिजली तर रंग जातो, आणि आईचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. त्यामुळे "मला कळतं की" असं ती म्हणते तेव्हा त्यात नुसता हट्ट नसतो. पन्नास वर्षांचं काम असतं.

पण हळद उत्तर देते. काडी टोचली की सांगते. इन्सुलिन सांगत नाही. गोठून बिघडलेल्या बाटलीत कधी कण दिसतात, बाटलीच्या काचेला पांढरं चिकटतं, पण नेहमी दिसेलच असं नाही. वास नाही, चव नाही. हात, नाक, डोळे यांचं जे ज्ञान आईनं आयुष्यभर कमावलं ते या एका वस्तूसमोर चालत नाही. मी हे तिला असंच सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंजी हे मुकं हाये." हो. मुकं आहे. म्हणून मणी.

जुनी बाटली फेकली, नवी आणली, मधल्या फळीवर पुढे, एका प्लास्टिकच्या डबीत. बटण दोन आकडे मागे. डॉक्टरांना आलेख दाखवला. त्यांनी डोस त्याच दिवशी कमी केला. औषध आता पूर्ण ताकदीचं असेल तर वाढवलेला डोस जड जाईल, लक्ष ठेवा, काही वाटलं तर सांगा, असं आईलाही बजावलं. आई "हो हो" म्हणाली.

पहाटे तीन

इथे मावशीचा सीसीटीव्ही येतो.

पुढच्या शनिवारी मी कार्ड काढलं ते बाटलीतला मणी बघायला. तो छान होता, चार ते सहामध्ये, एकदाही शून्याजवळ नाही. पण उघड्या मण्याच्या रेघेवर रात्री एक टोक होतं. दोन वाजून बावन्न मिनिटांनी. दुसऱ्या एका रात्री तीन वाजून सहा मिनिटांनी. नऊ रात्रींत चार वेळा, पावणेतीन ते सव्वातीनच्या मध्ये, कुणीतरी फ्रिज उघडत होतं.

दादा-वहिनी वर झोपतात. खाली आई एकटी.

विचारायचं कसं हा प्रश्न होता. मी "आई, तू रात्री उठतेस का" असं विचारलं. ती म्हणाली, "नाही. कोण म्हणलं?" मग मी आलेख दाखवला नाही, नुसतं म्हणालो, की मण्याला दार उघडलेलं कळतं. तिनं फ्रिजकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "घाम सुटतो," ती म्हणाली. "हातपाय लटलट करतात. दोन घोट दूध घेते साखर घालून आन् पडते. त्यात काय सांगायचं? तुम्ही झोपलेले असता."

झोपेत शुगर खाली जाणं किती वाईट असू शकतं हे इथे लिहीत नाही, ज्यांच्या घरी आहे त्यांना माहीत आहे. ती उठत होती, तिला जाग येत होती, हे आमचं नशीब. डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी रात्रीचा डोस आणखी उतरवला आणि आठवडाभर पहाटे तीनला शुगर तपासायला सांगितली. दादानं गजर लावला. आठवड्यानंतर टोकं थांबली, शुगरही ठिकाणावर आली, आणि आता तिचा डोस दोन वर्षांपूर्वी होता त्याहूनही कमी आहे.

मी मोजायला गेलो होतो बाटलीचं तापमान. कळलं ते आईचं उठणं. जो मणी खरं तर सहज म्हणून लावला होता त्यानं सांगितलं.

औंढ्याचं यंत्र आणि तहानलेला कावळा

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. जिल्ह्याबाहेरच्या लोकांना हिंगोली म्हणजे ज्योतिर्लिंग, नामदेवांचं नर्सी आणि हळद एवढंच माहीत असतं, म्हणून थोडं सांगतो. दोन अजस्र ताऱ्यांची किंवा कृष्णविवरांची टक्कर झाली की अवकाशच किंचित ताणलं-आकसलं जातं, त्याला गुरुत्वीय लहर म्हणतात. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांनी अशी लहर पहिल्यांदा टिपली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते जाहीर झालं आणि त्याच महिन्यात भारतातल्या यंत्राला केंद्र सरकारची तत्त्वतः मंजुरी मिळाली. अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये, सुमारे २६०० कोटी रुपयांची. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यात आहेत.

यंत्र म्हणजे काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन पोकळ नळ्या, आत निर्वात पोकळी, टोकांना टांगलेले आरसे आणि मध्ये लेझर. मोजायचं काय, तर आरशांमधल्या अंतरात पडणारा प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक. आता विचार करा, चार किलोमीटर स्टेनलेस स्टील एका अंशानं तापलं तर सहा-सात सेंटिमीटर लांबतं. म्हणून नळीला लवचीक सांधे द्यावे लागतात आणि आरसे नळीला न चिकटवता वेगळे टांगावे लागतात. आरशावर पडणारा लेझर आरशाला तापवतो, त्यानं आरशाचा आकार बदलतो, म्हणून तो आकार सुधारायला कडेनं पुन्हा वेगळी उष्णता द्यावी लागते. नळीच्या पोलादात अडकलेले वायू बाहेर काढायला अमेरिकेत नळ्या तीस दिवस दीडशे अंशांच्या वर तापवून ठेवल्या होत्या. आणि हे सगळं करूनही आरशातले अणू त्यांच्या उष्णतेनं थरथरतच असतात. ती थरथर म्हणजेच तर तापमान. औंढ्याच्या देवळाची कथा आहे, नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं. त्याच तालुक्यात आता काहीही हलू नये यासाठी एवढी खटपट होणार, याची मला गंमत वाटते.

पण मला आठवली ती दुसरी गोष्ट. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या यंत्रात मधूनच विचित्र टकटक दिसायला लागली. लहर नव्हे, हे नक्की. अशा यंत्राभोवती मुख्य मोजणीखेरीज शेकडो साधे पहारेकरी बसवलेले असतात: जमिनीची कंपनं, आवाज, चुंबकत्व, वारा, तापमान. त्यातल्या मायक्रोफोनवर टकटक सापडली. बाहेर जाऊन बघितलं तर अतिथंड नायट्रोजनच्या पाइपावर साचलेल्या बर्फावर चोचींच्या खुणा! वाळवंटी उन्हात तहानलेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते. विश्वाच्या दुसऱ्या टोकाची टक्कर ऐकायला बसवलेल्या यंत्राला इसापाचा तहानलेला कावळा ऐकू आला. पुढचा उपाय सोपा होता, बर्फ साचू न देणं.

ही गोष्ट पूर्वी मी विनोद म्हणून सांगायचो. आता तशी सांगता येत नाही. मुख्य मोजणीच्या कडेला जे मोजलं जातं, ज्याला आपण बाजूला काढायचा गोंधळ समजतो, त्यातच कुणीतरी तहानलेलं असू शकतं.

पाळत

डोस स्थिर झाला, दोन महिने गेले. मार्चच्या एका रविवारी आई म्हणाली, "आता तो दुसरा काढ."

"कोणता?"

"जो दार सांगतो तो."

मी म्हणालो, असू दे की, काय बिघडतंय. पुन्हा कधी शुगर खाली गेली तर कळेल. ती म्हणाली, "मी सांगीन. मी रात्री पाणी प्यायला उठले, उकडलं म्हणून उठले, तुझ्या बापाची आठवण आली म्हणून उठले, ते समदं त्या डब्यात कशाला लिहून ठेवायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही सुचलेलं नाही. मोजण्याची बाजू भक्कम आहे. त्या मण्यानं कदाचित तिचा जीव वाचवला. पण तिचं म्हणणंही तितकंच भक्कम आहे. औषध मुकं आहे म्हणून त्याला मणी लागतो. ती मुकी नाही. ती सांगत नव्हती, हे खरं. पण न सांगणाऱ्या माणसाला बोलतं करणं आणि त्याच्या दाराला मणी लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी करायला फार सोपी आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलाला तर फारच सोपी. आठवड्याचं कार्ड वाचलं की आठवडाभर फोन केल्यासारखं वाटतं.

मी तो मणी काढला. बाटलीतला राहिला. त्याला आता एक छोटा आकडे दाखवणारा पडदा जोडलाय, डब्यावर बाहेर. आई सकाळी सुई घेण्याआधी तो वाचते आणि कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलनं लिहिते. आरोग्य केंद्रात लसीच्या फ्रिजची वही असते तशी, सकाळ-संध्याकाळ. आणि रात्री उठावं लागलं तर सकाळी फोन करते. तीन महिन्यांत दोनदा आला तिचा फोन, दोन्ही वेळा शुगर ठीक होती.

माठ

काढलेला मणी वाया गेला नाही. तो माठात बसला, आणि ही कल्पना आईचीच.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि लाईट नेमकी दुपारी जाते. चार-पाच तास फ्रिज बंद राहिला तर वापरात असलेली बाटली कुठे ठेवायची? आई म्हणाली, "माठात बघ की किती राहतं." एक मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात कोरड्या डबीत मणी, वरून ओलं फडकं. दोन वेळा वाळूवर पाणी शिंपडायचं.

मेमध्ये बाहेर सावलीत ४२ असताना मडक्यात २६-२७. वाऱ्याच्या दिवशी अजून अर्धा-एक अंश कमी. मग जुलै आला, हवा दमट झाली आणि मला वाटलं आता माठ हरणार, कारण माठ गार होतो तो पाणी उडण्यामुळे आणि दमट हवेत पाणी उडत नाही. हरला खरा, बाहेर ३० तर आत २८. पण बाहेरच ३० असताना जिंकायची गरज कुणाला होती? ज्या दिवसात गरज जास्त त्या दिवसात माठ जास्त काम करतो. हे आजीला माहीत होतंच, मी फक्त आकडे मांडले.

वापरात असलेली बाटली साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण खोलीचं तापमान म्हणजे कागदावर २५ किंवा ३०, औषधाप्रमाणे. आपल्या मेमधल्या खोल्यांना ते लागू नाही, माठातल्या मडक्याला मात्र बरंचसं लागू पडतं. जिनिव्हा विद्यापीठ आणि एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेनं केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतली तापमानं घेऊन २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन आपली ताकद टिकवून होतं. वाचून धीर आला. तरी आपल्या बाटलीसाठी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा, ब्लॉग वाचून नको.

ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांच्यासाठी शेवटचं. मणी, बोर्ड काही नको. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन साधा फ्रिज थर्मामीटर मिळतो. तो पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून बाटली ठेवता त्याच जागी एक रात्र ठेवा आणि पहाटे, दूध काढायच्या आधी, पहिल्यांदा दार उघडाल तेव्हा बघा. फ्रीझरच्या खालच्या ट्रेत आणि मागच्या भिंतीला चिकटून बाटली ठेवू नका. हिवाळा लागला की बटण मागे घ्या. आणि शुगर विनाकारण वाढली तर चोरून गोड खाल्ल्याचा आरोप करायच्या आधी बाटली कुठे असते ते विचारा. दादा, हे तुला नाही, सगळ्यांनाच लिहिलंय :)

असो. फार लांबलं. काल रात्री फोनवर आईनं आकडा सांगितला, "साडेचार." मग म्हणाली, "आन् माठात पाणी शिंपडलं का नाही ते पण विचारत जा, वहिनी विसरते." वहिनी मागून काहीतरी म्हणाल्या, ते इथे लिहीत नाही.